घड्याळातला ताण, सर्वेक्षणातला ताण: परभणीच्या शेतकऱ्याचं टेन्शन मोजायचं कसं?

मनगटावरचं घड्याळ आता तुमचा ताण आकड्यात सांगतं. फोनवरचं ॲप दहा प्रश्न विचारतं आणि ‘तुमचा ताण मध्यम आहे’ असा निकाल देऊन मोकळं होतं. आपल्या मराठवाड्यात तर सरकारी यंत्रणेने लाखो शेतकरी कुटुंबांची मनःस्थिती मोजायचा प्रयत्नसुद्धा करून झालाय. तिन्ही ठिकाणी शब्द एकच वापरतात, ताण. पण मोजलेली गोष्ट एकच आहे का?

मी मूळचा मानवत तालुक्यातला. इंजिनिअरिंग झाल्यापासून पुण्यात सॉफ्टवेअरमध्ये आहे. माझं रोजचं काम म्हणजे वेगवेगळ्या ठिकाणांहून येणारे आकडे एका डॅशबोर्डवर दाखवणं. या कामात एक सवय लागते. आकडा दिसला की आधी विचारायचं, हा आला कुठून? सप्टेंबर २०२५ च्या अतिवृष्टीनंतर मराठवाड्यातल्या शेतकऱ्यांच्या मानसिक ताणावर पुन्हा बोलणं सुरू झालं, तेव्हा हाच प्रश्न मला पडला. तोच इथे उलगडून बघू.

आधी बातमी: दहा लाख कुटुंबांचं सर्वेक्षण

२०२३ मध्ये छत्रपती संभाजीनगरच्या विभागीय आयुक्त कार्यालयाने मराठवाड्याच्या आठही जिल्ह्यांत एक मोठं सर्वेक्षण केलं. परभणी त्यात होतीच. तेव्हा सुनील केंद्रेकर विभागीय आयुक्त होते. सुमारे दहा लाख शेतकरी कुटुंबांकडून माहिती घेतली गेली. त्यातले एक लाखाहून जास्त जण टोकाचा विचार करण्याच्या मनःस्थितीत आहेत, असा निष्कर्ष बातम्यांमध्ये आला आणि खळबळ उडाली. केंद्रेकरांनी उपायही सुचवला होता. प्रत्येक हंगामाच्या आधी शेतकऱ्याला एकरी १० हजार रुपये थेट द्यावेत. त्याच वर्षी त्यांनी स्वेच्छानिवृत्ती घेतली.

प्रश्न किती मोठा आहे यावर वाद नाही. राष्ट्रीय गुन्हे नोंदणी विभागाच्या २०२२ च्या अहवालात शेतीक्षेत्रातल्या ११,२९० आत्महत्यांची नोंद आहे. त्यातल्या ४,२४८, म्हणजे तीनातली एकाहून जास्त, एकट्या महाराष्ट्रातल्या आहेत.

पण ‘एक लाख’ हा आकडा वाचताना थांबायला हवं. असं सर्वेक्षण कर्ज, पीक, उत्पन्न, घरातलं आजारपण, लग्नाला आलेली मुलं-मुली अशी परिस्थिती विचारतं. परिस्थितीवरून कोण किती अडचणीत आहे याचा अंदाज बांधता येतो, आणि तो फार कामाचा असतो. तरीही अडचण आणि ताण यांच्यामध्ये एक पायरी आहे. आजच्या लेखाचा विषय ती पायरी आहे.

पाणी सगळ्यांच्या शेतात, मग ताण वेगळा का?

सप्टेंबर २०२५ मध्ये जायकवाडीतून मोठा विसर्ग सुटला आणि गोदाकाठची शेतं पाण्याखाली गेली. समजा, गंगाखेड तालुक्यात शेजारीशेजारी दोन शेतकरी आहेत. दोघांचं पाच-पाच एकर सोयाबीन गेलं. पंचनाम्यात दोघांची नुकसान सारखीच लिहिली जाणार.

एकाचं कर्ज बँकेचं आहे आणि धाकटा भाऊ चाकणला कंपनीत नोकरीला आहे. दुसऱ्याने बी-बियाणं दुकानातून उधारीवर उचललंय, वर सावकाराचे पैसे आहेत आणि पोरीचं लग्न मार्गशीर्षात धरलंय. पहिला म्हणतो, ‘रब्बीला हरभरा पेरू, निघेल काहीतरी.’ दुसऱ्याला झोप नाही. नुकसान तेवढंच, ताण वेगळा.

याला मानसशास्त्रात नाव आहे. रिचर्ड लाझारस आणि सुझन फोकमन या अमेरिकी संशोधकांनी १९८४ च्या त्यांच्या पुस्तकात ही मांडणी सविस्तर केली. घटना घडली की आपलं मन दोन हिशोब करतं. पहिला, यात माझं काय पणाला लागलंय? दुसरा, याला तोंड द्यायला माझ्याकडे काय आहे? या दोन हिशोबांच्या वजाबाकीतून ताण तयार होतो. आपण या प्रक्रियेला सोप्या भाषेत ‘परिस्थितीचं मोल लावणं’ म्हणू.

हे नुसतं पुस्तकी नाही. १९६४ मध्ये लाझारस आणि सहकाऱ्यांनी लोकांना एक अंगावर काटा आणणारी फिल्म दाखवली. चित्रं तीच, फक्त पाठीमागचं निवेदन गटागटाने बदललं. एका निवेदनात वेदनेवर भर होता, दुसऱ्यात ‘तसं काही विशेष नाही’ असा सूर होता, तिसऱ्यात अभ्यासकाचा कोरडेपणा. त्वचेच्या विद्युतवाहकतेवरून शरीराची प्रतिक्रिया मोजली, तेव्हा निवेदनाप्रमाणे ती बदलत गेली. म्हणजे डोळ्यांसमोर तेच दृश्य असूनही मनाने लावलेलं मोल बदललं की शरीरही वेगळं वागतं.

आणि लक्षात घ्या, दुसऱ्या शेतकऱ्याचं ‘मन कमजोर’ आहे असा याचा अर्थ अजिबात नाही. त्याचा हिशोब बरोबरच आहे. त्याच्याकडे तोंड द्यायला खरंच कमी आहे.

घड्याळ काय मोजतं?

आता मनगटाकडे वळू. घड्याळाच्या पाठीमागे जो हिरवा दिवा लुकलुकतो, तो त्वचेखालच्या रक्तप्रवाहातले चढउतार टिपतो. त्यावरून दोन ठोक्यांमधलं अंतर कळतं. निरोगी, निवांत माणसात हे अंतर अगदी सारखं नसतं, थोडं कमी-जास्त होत राहतं. शरीर सावध अवस्थेत गेलं की हा फरक साधारणपणे कमी होतो. गार्मिनसारख्या कंपन्या या बदलावरून ० ते १०० असा ‘स्ट्रेस स्कोअर’ काढतात. स्वस्त घड्याळांमध्ये तर हा आकडा नेमका कसा काढला हे बऱ्याचदा कुठेच लिहिलेलं नसतं.

अडचण कुठे आहे? शरीर सावध होण्याची कारणं शंभर असतात. जिना चढलात, तिसरा चहा मारला, ताप आला, नाही तर शेवटच्या ओव्हरमध्ये मॅच अडकली. या सगळ्याला घड्याळ एकाच तराजूत तोलतं.

नेदरलँड्सच्या लायडन विद्यापीठातल्या संशोधकांनी याची तपासणी केली. सुमारे ८०० तरुणांना गार्मिनची घड्याळं दिली आणि तीन महिने, दिवसातून चार वेळा फोनवर विचारलं, आत्ता किती ताण वाटतोय? २०२५ मध्ये निष्कर्ष आले. बहुतेकांच्या बाबतीत घड्याळाचा ताण आणि सांगितलेला ताण यांचा जवळपास काहीच मेळ नव्हता.

याचं कारण समजून घ्यायला आणखी एक संशोधन कामी येतं. जिम ब्लास्कोविच आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की एखादं काम ‘आव्हान’ वाटलं किंवा ‘धोका’ वाटला, दोन्हीत हृदय जोरात धावतं. फरक रक्तवाहिन्यांमध्ये पडतो. आव्हान वाटलं तर त्या मोकळ्या होतात, धोका वाटला तर तशा होत नाहीत, उलट आवळतात. रक्तवाहिन्यांचा हा रोध मोजायला प्रयोगशाळेतली उपकरणं लागतात. मनगटावरच्या हिरव्या दिव्याच्या ते आवाक्याबाहेर आहे.

थोडक्यात, आपल्या गोष्टीतल्या दोन्ही शेतकऱ्यांना घड्याळ बांधलं, तर दिवसभर उन्हात सरी मोडणाऱ्या निवांत माणसाचा आकडा जास्त येईल आणि ओट्यावर सुन्न बसलेल्याचा कदाचित कमी. ज्याला मदत लागतेय त्यालाच घड्याळ ‘रिलॅक्स्ड’ म्हणेल.

मग प्रश्नच विचारायचे ना?

हो, आणि त्यासाठी जगभर वापरल्या जाणाऱ्या प्रश्नावल्या आहेत. पण त्यांच्यातही फरक आहे.

सगळ्यात प्रसिद्ध म्हणजे शेल्डन कोहेन आणि सहकाऱ्यांची १९८३ ची ‘पर्सीव्ह्ड स्ट्रेस स्केल’. मूळ १४ प्रश्नांची, आता बहुतेक ठिकाणी १० प्रश्नांची वापरतात. गेल्या महिनाभरात आयुष्य किती अनपेक्षित, किती हाताबाहेरचं आणि किती जड वाटलं, असा तिचा रोख असतो. गुण ० ते ४०. फोनवरच्या बऱ्याच ‘स्ट्रेस टेस्ट’मागे हीच पट्टी असते. एक गोष्ट मात्र ॲप सांगत नाही. ही आजार ओळखण्याची चाचणी नाही, आणि कमी-मध्यम-जास्त असे ठरलेले कप्पे मूळ संशोधकांनी पाडलेले नाहीत.

दुसरी ‘पीएचक्यू-९’, २००१ मधली. नऊ प्रश्न, गेल्या दोन आठवड्यांबद्दल, गुण ० ते २७. ही झोप, भूक, थकवा, निराशा अशी नैराश्याची लक्षणं विचारते. म्हणजे ताणाचा परिणाम मोजते, ताण नव्हे.

आणि तिसरी, जिच्याबद्दल फार कमी लोकांना माहीत असतं. १९९० मध्ये एडवर्ड पीकॉक आणि पॉल वाँग यांनी ‘स्ट्रेस ॲप्रेझल मेझर’ नावाची २८ प्रश्नांची पट्टी तयार केली. ती एका ठराविक प्रसंगाबद्दल विचारते आणि एकच बेरीज न देता सात वेगवेगळे गुण देते. हा प्रसंग धोका वाटतो का? आव्हान वाटतो का? माझ्या आयुष्यात त्याचं वजन किती? तो माझ्या हातात आहे का? दुसऱ्या कुणाची मदत मिळेल का? की कुणाच्याच हातात नाही? आणि सातवा गुण, एकूण किती ताण?

मला ही पट्टी आवडते ती याच कारणासाठी. सर्व्हर बंद पडला की ‘एरर’ एवढंच दिसून भागत नाही, कुठे अडकलं ते लॉगमध्ये दिसावं लागतं. ताणाची एकच बेरीज म्हणजे नुसता ‘एरर’. सात गुण म्हणजे लॉग.

भाषेचा घोळ

या सगळ्या पट्ट्या मुळात इंग्रजीत, तिथल्या माणसांवर तपासलेल्या. त्या आपल्याकडे आणायच्या तर नुसतं भाषांतर पुरत नाही. आधी मराठी करायचं, मग ते मूळ न पाहिलेल्या माणसाकडून उलट इंग्रजीत करून घ्यायचं, दोन्ही ताडून बघायचं, आणि मग ज्या लोकांसाठी वापरायची त्यांच्यावरच तपासायची.

का? परभणीत कुणी ‘काही सुधरंना’ म्हणालं तर अर्थ होतो, काय करावं ते कळत नाहीये, डोकं चालत नाहीये. बाहेरच्या माणसाला वाटेल परिस्थिती सुधारत नाही असं म्हणतोय. ‘टेन्शन’ आपण परीक्षेलाही म्हणतो आणि एसटी चुकली तरी म्हणतो. ‘घोर लागला’ हे कुणाच्या तरी काळजीने रोज आतून पोखरणं. ‘धसका घेतला’ हे एकदा बसलेल्या धक्क्याने पुढच्याची भीती. ‘धास्ती’ आणखी वेगळी. या प्रत्येक शब्दात पणाला काय लागलंय आणि हातात काय आहे, याचा वेगळा हिशोब दडलाय. फॉर्मवर सगळ्याला ‘तणाव’ लिहिलं की तो पुसला जातो.

दुसरा मुद्दा, विचारतंय कोण? तलाठी विचारतोय म्हटल्यावर लोकांच्या मनात अनुदान येणारच. गावातली आशाताई विचारेल तेव्हा उत्तर वेगळं मिळेल, आणि घरात सासरे समोर बसलेले असताना सुनेचं उत्तर आणखी वेगळं. कितीतरी कर्ती माणसं ‘कायी नाही, बरंय आपलं’ एवढ्यावर विषय संपवतात. प्रश्न तेच राहतात, पण उत्तर माणसागणिक बदलतं.

चाळणीचं गणित

आता एक गणित करू. आकडे मी समजण्यापुरते धरलेत, कुठल्या गावाचे नाहीत.

गावात १,००० प्रौढ माणसं. त्यातल्या ५० जणांना खरंच तातडीने मदत हवीय. प्रश्नावली चांगली आहे. गरज असलेल्या १०० पैकी ८० जणांना ती बरोबर पकडते, आणि गरज नसलेल्या १०० पैकी ८० जणांना बरोबर सोडते.

मग ५० पैकी ४० सापडतील, १० निसटतील. उरलेल्या ९५० पैकी १९० जणांवर उगीच शिक्का बसेल. म्हणजे यादी २३० जणांची, आणि त्यातले खरे गरजू ४०. साधारण सहात एक.

म्हणून प्रश्नावली ही चाळणी आहे, निकाल नाही. यादीतल्या प्रत्येकाशी पुढे प्रशिक्षित माणसाने बसून बोलायचं असतं. तेवढी माणसं नसतील तर यादी फाइलमध्ये पडून राहते. आणि निसटलेले १० जण? त्यांच्यासाठी गावातलं कान देणारं माणूस लागतं.

हे जमतं याचं उदाहरण महाराष्ट्रातच आहे. अमरावती जिल्ह्यातल्या ३० गावांमध्ये ‘विश्राम’ नावाचा प्रकल्प राबवला गेला. गावातल्याच कार्यकर्त्यांनी लोकांशी बोलायचं, त्यांच्यावर समुपदेशक, गरज पडली तर डॉक्टर, अशी साखळी होती. नैराश्य असलेल्यांपैकी आधी फक्त ४.३ टक्के लोक मदत घेत होते, प्रकल्पानंतर हे प्रमाण २७.२ टक्क्यांवर गेलं. २०१७ मध्ये ‘लॅन्सेट सायकिॲट्री’त हे प्रसिद्ध झालं. मराठवाडा-विदर्भातल्या १४ जिल्ह्यांसाठी राज्य सरकारचा ‘प्रेरणा प्रकल्प’ही २०१५ पासून आहे. परभणी त्यात आहे, आणि घरोघर जाण्याचा भार तिथेही आशाताईंवरच आहे.

आकडा कुणाबद्दल बोलतो?

माझा मुख्य मुद्दा इथे आहे. ताण मोजायला लागलं की एक सोपी पळवाट मिळते. शेतकऱ्याचा ‘दृष्टिकोन’ चुकीचा आहे, त्याला सकारात्मक विचार शिकवा. समुपदेशन हवंच, त्याने जीव वाचतात. पण ‘माझ्या हातात काही नाही’ असं गोदाकाठचा माणूस म्हणतो, तेव्हा तो बहुतेक वेळा खरं बोलत असतो. धरणाचे दरवाजे त्याच्या हातात नाहीत. सोयाबीनचा भाव नाही. फार्मर आयडीतली चूक, ई-पीक पाहणीच्या ॲपमध्ये न चढणारा फोटो, हेही नाही.

म्हणून सात गुणांपैकी ‘दुसऱ्या कुणाची मदत मिळेल का’ हा गुण मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. एखाद-दुसऱ्याचा तो कमी आला तर तो माणूस एकटा पडलाय, त्याच्याकडे कुणीतरी जायला हवं. पण अख्ख्या गावाचा कमी आला तर तो गावाच्या मनाचा आकडा नाही. तो बँकेबद्दल, विमा कंपनीबद्दल, तहसीलबद्दल लोकांनी भरलेला बग रिपोर्ट आहे. ७ ऑक्टोबर २०२५ ला राज्य सरकारने अतिवृष्टीसाठी ३१,६२८ कोटींचं पॅकेज जाहीर केलं. पैसे खात्यात पडण्याआधी आणि नंतर, गावागावात हा एक गुण मोजला असता तर मदत खरंच पोचल्यासारखी वाटली की नाही ते कळलं असतं. हेक्टरी आकड्यांत ते दिसत नाही.

कायद्यानेही ही जबाबदारी ओळखलीय. मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७ चं कलम ११५ सांगतं, की आत्महत्येचा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र ताणाखाली होती असं गृहीत धरायचं आणि तिला शिक्षा करायची नाही. तिची काळजी, उपचार आणि पुनर्वसन हे सरकारचं कर्तव्य आहे. तीव्र ताण हा तिथे सरकारला कामाला लावणारा शब्द आहे.

तुमच्या फोनसाठी चार प्रश्न

तुम्ही नीटची तयारी करत असाल, एमपीएससीचा तिसरा प्रयत्न देत असाल किंवा घरची शेती बघत असाल. एखादं ॲप ताणाचा आकडा दाखवेल तेव्हा हे विचारा.

एक, हे काय मोजतंय? शरीराची हालचाल, मला वाटणारा ताण, की आजाराची लक्षणं?

दोन, किती काळाचं? आत्ताचं, दोन आठवड्यांचं, की महिन्याचं? एका वाईट दिवसावरून स्वतःला शिक्का मारून घेऊ नका.

तीन, माझ्यासारख्या माणसांवर, माझ्या भाषेत तपासलंय का? ॲपच्या माहितीत तसा उल्लेख नसेल तर आकड्याला फार भाव देऊ नका.

चार, माझी उत्तरं जातात कुठे? ‘मला झोप येत नाही, कर्ज आहे’ ही माहिती झटपट कर्ज देणाऱ्या ॲपला सोन्यासारखी आहे. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले, पण अंमलबजावणी टप्प्याटप्प्याने होणार आहे. तोवर परवानग्या देताना हात आखडता ठेवलेला बरा. ताण मोजणाऱ्या ॲपला तुमचे कॉन्टॅक्ट्स कशाला हवेत?

आणि आकडा न बघताही करता येण्यासारखी एक गोष्ट. ताण आला की कागदावर तीन रकाने पाडा: माझ्या हातातलं, दुसऱ्याच्या मदतीने होणारं, कुणाच्याच हातात नसलेलं. मधल्या रकान्यात ज्याचं नाव येईल त्याला आजच फोन लावा. तलाठी असो, बँकेचा साहेब असो, नाही तर मामा.

तो रकाना रिकामाच राहिला, किंवा जगणंच नको वाटायला लागलं, तर कुठल्याही स्कोअरची वाट बघू नका. टेलि-मानसचा १४४१६ हा क्रमांक चोवीस तास चालतो, मोफत आहे आणि मराठीत बोलता येतं. घरातला, शेजारचा कुणी नुसता गप्प बसत असेल, तर त्याच्या मनगटाकडे बघत बसू नका. शेजारी जाऊन बसा, आणि सरळ विचारा.